तिसऱ्या फेजची दुसरी कॉईल

मंगळवारी सकाळी साडेआठला करंजनाळची मोटर टेंपोतून परत आली. मी दुकानासमोर पाणी मारत होतो. टेंपोच्या हौद्यात मोटरीशेजारी सोपान घोडके बसलेला होता. करंजनाळ ग्रामपंचायतीच्या पाण्याचं सगळं तोच बघायचा. तो खाली उतरला, पण नेहमीसारखा हात वर केला नाही.

"जळली," तो म्हणाला.

"कोणती?"

"कोणती काय? परवा दिलेली. अकरा तास चालली. काल संध्याकाळी वास आला, तोवर संपलं होतं."

हे २००८ सालच्या एप्रिलमधलं. जतमध्ये विजापूर रस्त्याला आमचं मोटरी भरायचं दुकान आहे. जळालेल्या मोटरीतली जुनी तार काढून नवी घालायची, याला आमच्या धंद्यात मोटर भरणं म्हणतात. दुकान अब्बांचं. ते गेल्यावर नऊ वर्षं मीच चालवत होतो, आणि माझ्या मते चांगलं चालवत होतो. नजीर मुलाणी कुणाला नाही म्हणत नाही, असं तालुक्यात बोललं जायचं. मला ते आवडायचं. सकाळी सातला शटर वर जायचं. पिठाच्या गिरणीची मोटर उघडलेली असताना कुणी पंखा आणला तर मी पंखा हातात घ्यायचो. पंखा खोललेला असताना फोन आला की स्टार्टर बघायला मोटारसायकल काढायचो. एका वेळी पाच-सहा कामं उघडी पडलेली असायची, आणि त्यातलं प्रत्येक "उद्या देतो" म्हणून सांगितलेलं. दुकानात उभं राहायला जागा नसली की मला वाटायचं, धंदा जोरात आहे.

तार भरण्याचं खरं काम हौसामावशी करायची. हौसाबाई लोखंडे. अब्बांनी तिला हे काम शिकवलं तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे ती मला अरे-तुरे करायची आणि मला ते कधी खटकलं नाही. तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. बोअरच्या मोटरीत हात घालावा तर तिनंच. त्या मोटरीच्या खाचा बंद असतात, तयार कॉईल आत बसवता येत नाही. एका बाजूनं तार घालायची, दुसऱ्या बाजूनं ओढायची, परत घालायची, परत ओढायची. करंजनाळच्या मोटरीत अशा बारा कॉईल होत्या. प्रत्येक फेजला चार, असे तीन फेज. प्रत्येक कॉईलला सव्वीस फेरे. मावशी ते ओठांतल्या ओठांत मोजायची आणि मोजताना तिच्याशी बोललेलं तिला चालायचं नाही.

त्या सकाळी ती नुकतीच आली होती. आतल्या बाजूला उभी राहून कात्रीनं कागदाच्या पट्ट्या कापत होती. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. दोघंही ऐकत होती.

सोपान म्हणाला, "नजीरभाई, चारशे घरं आहेत. बाया दीड किलोमीटरवर पवारांच्या विहिरीवर जाताहेत. शुक्रवारी मोटर जळली, शनिवार-रविवार तुमच्याकडं, सोमवारी पाणी आलं, आज परत नाही. मी गावात कुठल्या तोंडानं फिरू? कुणी भरली ही?"

आता इतक्या वर्षांनी मला स्वतःला पटवून सांगता येत नाही की मी विचार केला होता. मी विचार केलाच नाही. बोअरच्या मोटरी मावशीच भरते, म्हणून मी म्हणालो, "मावशीनं."

सोपाननं आत बघितलं. "वय झालेल्या माणसाला कशाला बसवता अशा कामाला?" तो म्हणाला. आवाज चढवून नाही. रोजचं काहीतरी बोलावं तसं.

मावशीनं कात्री खाली ठेवली. "माझ्या हातनं झालं?" तिनं मला विचारलं.

माझ्या खिशात फोन वाजायला लागला होता आणि मी तो काढत होतो.

"झालं आसंल," ती म्हणाली. "डोळं आता पयल्यासारखं न्हाईत." तिनं जेवणाच्या डब्याची पिशवी उचलली, चपला घातल्या आणि मोटरीला वळसा घालून रस्त्यावर गेली. मी फोनवर होतो. मला वाटलं, चहाला गेली असेल.

सोपानला मी उद्या मोटर देतो म्हणालो. मग माझंच मला कसंतरी झालं, म्हणून परवा म्हणालो. तो टेंपोत बसला.

बारा वाजले तरी मावशी आली नाही. तेव्हा मी मोटर ओढून घेतली आणि खोलली. जळालेल्या मोटरीचा वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, बाकीच्यांना सांगून कळणार नाही. काय बिघडलं ते शोधायचं तर कॉईलचं एक तोंड कापायचं आणि तारेची टोकं मोजायची. टोकं जितकी, तितके फेरे. पहिल्या फेजच्या चार कॉईल मी कापल्या. सव्वीस, सव्वीस, सव्वीस, सव्वीस. दुसऱ्या फेजच्या चार. सगळ्या सव्वीस. टोकं इतकी सारखी बसलेली होती की मोजण्याचीही गरज नव्हती. तिसऱ्या फेजची पहिली, सव्वीस.

दुसरी कापली. ती नुसती बघूनच कळत होती. मोजली तर सोळा. पुन्हा मोजली. सोळा.

बरोबर दहा कमी. पेंगणाऱ्या माणसाची चूक एखाद-दुसऱ्या फेऱ्याची असते. बरोबर दहाची चूक मोजता मोजता मध्येच उठलेल्या माणसाची. तो परत येतो आणि चौदाच्या जागी चोवीस धरतो. एका फेजला तार कमी पडली की त्यातून वीज जास्त ओढली जाते, मोटर तापत जाते. अकरा तास चालली हेच खूप होतं.

कापलेली टोकं हातात धरून मी बराच वेळ बसलो. मला मावशी मोजताना मध्येच उठलेली आठवेना. ती उठायचीच नाही. शनिवार मी डोळ्यासमोर आणायला लागलो. शनिवारी दुपारी तीनला तिच्या नातीच्या शाळेतून निरोप आला होता, कसल्या तरी अर्जावर सही करायला बोलावलं होतं. ती म्हणाली होती, "तिसऱ्या फेजची एक झालीया. हात लावू नगंस, मी आल्याव करते." मी म्हणालो होतो, तू ये सावकाश. आणि ती गेल्यावर मी मोटरीपुढे बसलो होतो, कारण काम पुढे गेलेलं दिसलं की मला बरं वाटायचं. परत आल्यावर तिनं विचारलं होतं, "कुठवर आलं?" मी सांगितलं होतं, "दुसरी झाली."

फोनशेजारी माझी एक वही असायची. बोलता बोलता जे कळेल ते मी तिच्यात लिहायचो. शनिवारचं पान काढलं. तिथं माझ्या अक्षरात एकाखाली एक लिहिलेलं होतं: बनाळीची गिरणी, आवाज येतो. जगताप, स्टार्टर, आजच पाहिजे. शमीम, साबण, गोडेतेल, येताना. शमीम म्हणजे माझी बायको. तिन्ही ओळी वाकड्या होत्या. डाव्या हातात तार धरून उजव्या हातानं लिहिलेल्या.

आणखी एक आठवलं आणि ते जास्त वाईट होतं. मोटर तयार झाली की ती पाण्याच्या टाकीत बुडवून वीस मिनिटं चालवायची आणि तिन्ही तारांमधून किती वीज जाते ते मीटरनं मोजायचं. चूक असेल तर तिथंच कळते. रविवारी सकाळी मावशी म्हणाली होती, "पाण्यात टाकून बघू या." दारात सोपान टेंपो घेऊन उभा, त्याच्या मागे बोअर मारणाऱ्या जगतापांचा माणूस उभा. मी म्हणालो होतो, "राहू दे, गावात लावल्यावर कळेलच."

गावात लावल्यावर कळलं होतं.

मी एकटाच होतो. दुसरी कॉईल कुणी भरली हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. मावशीनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. सोपानला पटलं होतं. टोकं गोळा करून भंगारात टाकली असती तर विषय संपला असता. हे मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं. फोन दोनदा वाजून बंद झाला तोवर तेच मनात होतं. मग मी दुपारी एक वाजता शटर ओढलं आणि लोखंडे गल्लीत गेलो.

मावशी घराच्या ओट्यावर सावलीत बसली होती. समोर पाट, पाटावर चिंचोके. तिनं सारखे ढीग केलेले होते. मी आलेलं तिनं बघितलं, पण बोट थांबवलं नाही. शेवटचा ढीग पुरा केला आणि मग म्हणाली, "बस."

"हे काय करतीयेस?"

"सव्वीस-सव्वीस मोजायचं, बाजूला ठिवायचं. शेजारच्या पोरीला म्हनलं, मधी मधी माझ्याशी बोल. ती बोलली. तरीबी बरोबर आलं. चारदा केलं, चारीदा बरोबर." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मंग तितंच कसं चुकलं, ते कळंना. डोळ्याचं म्हनावं तर आपन बोटानं मोजतो. आता डोक्यातच काय झालं आसंल तर तुझं काम मी करू न्हाई. उद्या कुनाची तरी मोटर परत यील."

मी तिच्यासमोर बसलो. मला वाटलं होतं ती रागावलेली असेल. रागाची तयारी करून मी गेलो होतो.

"मावशी, मी मोटर कापली. तुझ्या सगळ्या कॉईल बरोबर आहेत. तिसऱ्या फेजच्या दुसरीत दहा कमी आहेत."

ती थांबली. तिला आठवायला वेळ लागला नाही.

"शनवारी. मी शाळेत गेल्ती."

"हो."

"मी म्हनलं व्हतं, हात लावू नगंस."

"हो."

तिनं चिंचोके ओंजळीत घेतले आणि डब्यात ओतले. डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही म्हणून पुन्हा लावलं.

"मंग सकाळी माझं नाव कसं घेतलंस?"

"मला माहीत नव्हतं. आत्ता दुपारी कळलं."

"म्हाईत न्हवतं," ती म्हणाली, "आन तरी माझं नाव घेतलंस."

मी माफी मागितली. तिनं ती ऐकली, पण असू दे वगैरे काही म्हणाली नाही. गल्लीतून एक सायकलवाला गेला. आतून तिची सून पाणी घेऊन आली, ते मी प्यालो.

"चारशे घरं हाईत न्हवं?" मावशीनं विचारलं.

"हो."

"मोटर उघडून ठिवलीस?"

"ठेवलीय. जुनी तार काढायची आहे."

"ती तू काढ आज. मी उद्या नवाला येते." मग तिनं एकेक बोट दुमडत सांगितलं, लहान मुलाला बाजारात काय आणायचं ते सांगतात तसं. "मोटर भरायची तवा शटर खाली. तुझा फोन माझ्या पिशवीत. पाण्यात टाकून बघितल्याबिगर मोटर भाईर जायाची न्हाई, दारात कोनबी हुबा ऱ्हाऊ दे. आन सोपानला तू सांगायचंस. मी तितं असताना."

"शटर खाली घेतलं तर गिऱ्हाईक जाईल, मावशी."

"जाऊ दे की. आत्ता कुठं ऱ्हातंय? चार दिस हेलपाटं घालून जातंयच न्हवं?"

बुधवारी नऊला ती आली. मी शटर ओढलं, आतून दिवा लावला, फोन तिच्या पिशवीत टाकला. ती एका बाजूला बसली, मी दुसऱ्या बाजूला. ती तार घालायची, मी ओढून परत द्यायचो, मोजायचं तिनं. पहिला अर्धा तास मला फार जड गेला. पिशवीतून फोनचा आवाज यायचा आणि माझे खांदे आपोआप वर व्हायचे. कोण असेल, काय मोडलं असेल, हेच डोक्यात. मावशी मोजत राहायची. तिचं मोजणं चालू असताना उठायचं कसं? तार दोघांच्या हातात होती.

दहाच्या सुमारास शटरवर थाप पडली. मग लाथ. जगतापांचा आवाज मी ओळखला. त्यांच्या बोअर मारायच्या दोन गाड्या होत्या आणि आमच्याकडे येणारं निम्मं काम त्यांच्याकडूनच यायचं.

"मुलाणी! आत आहेस ते माहीत आहे मला. मोटारसायकल बाहेर आहे तुझी."

मी मावशीकडे बघितलं. ती "अठरा" म्हणाली आणि तार माझ्याकडे सरकवली. मी ओढली. "एकोनीस." बाहेर जगताप थोडा वेळ थांबले, कुणाला तरी काहीतरी बोलले, मग त्यांची जीप निघून गेली. कॉईल पुरी झाल्यावरच मावशीनं विचारलं, "कोन व्हतं?"

"जगताप."

"येतील," ती म्हणाली. पण ते आले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही. त्यांनी सगळं काम सांगोल्याला न्यायला सुरुवात केली. त्याचा फटका आम्हाला वर्षभर जाणवला.

बारा कॉईल पुऱ्या झाल्या तेव्हा मी घड्याळ बघितलं. एकला दहा मिनिटं होती. शुक्रवारी आलेल्या त्याच मोटरीला मागच्या वेळी शनिवारची सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि वर रविवारची सकाळ लागली होती. मला वाटलं घड्याळ बंद पडलंय. मी पिशवीतून फोन काढून त्यातली वेळ बघितली. फोनवर सतरा लोकांचे फोन येऊन गेले होते. मी शटर वर घेतलं आणि ओट्यावर बसून एकेकाला फोन लावत गेलो. सतरांपैकी अकरा जणांचं काम आपोआप मिटलेलं होतं. कुणाचा फ्यूज गेला होता, तो त्यानंच घातला होता. एकाला तर आपण फोन कशासाठी केला होता तेच आठवत नव्हतं.

गुरुवारी सकाळी मोटर टाकीत बुडवून चालवली. मावशी शेजारी उभी राहिली. तिन्ही तारांवर मीटर लावून मी आकडे वाचले. तिन्हींत फरक नव्हता. तिनं मान हलवली, मग आम्ही टेंपो बोलावला. मावशी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, मी मागे मोटरीपाशी.

करंजनाळला बोअर गावाच्या वरच्या अंगाला आहे. सोपान, ग्रामपंचायतीचे दोन सदस्य आणि पाच-पंचवीस माणसं थांबलेली होती. कळशा घेतलेल्या बायका टाकीजवळ ओळीनं बसलेल्या. मोटर साखळीनं खाली सोडायला तास गेला. सोपान माझ्याशी कामापुरतं बोलत होता. मावशीकडे त्यानं बघितलं नव्हतं.

मोटर खाली बसली. स्टार्टरचं बटण दाबण्याआधी मी म्हणालो, "सोपानभाऊ, एक सांगायचं आहे. मागच्या वेळची चूक मावशीची नव्हती. एक कॉईल मी भरली. भरताना तीनदा फोनवर बोललो आणि मोजण्यात दहा फेरे चुकलो. वर मोटर तपासायचं मावशी म्हणत होती, ते मी करू दिलं नाही. तुमच्या गावाला पाणी नव्हतं ते माझ्यामुळं."

मी हळू बोलणार होतो, पण बोअरपाशी माणसं गप्प उभी होती, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. एका सदस्यानं शिवी दिली, मोठी नाही, पण सगळ्यांसमोर. ओळीतली एक म्हातारी म्हणाली, "फोनवर बोलत बसला व्हता म्हनं," आणि तिच्या शेजारच्या बाईनं ते पुढे सांगितलं. ते ओळीच्या टोकापर्यंत गेलेलं मला दिसत होतं.

सोपान मावशीकडे गेला. "मावशी, मी त्या दिवशी तुम्हाला बोललो."

"बोललास," मावशी म्हणाली. "बटन दाब आता. बाया उनात बसल्यात."

पाणी टाकीत पडल्याचा आवाज आला तेव्हा सगळे तिकडे गेले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. परत येताना मावशी मागे माझ्याजवळ येऊन बसली.

तेव्हापासून नऊ ते एक आमचं शटर खाली असतं. पहिले दोन-तीन महिने लोकांनी शटर बडवलं, शिव्या दिल्या. मग एकनंतर यायला लागले. मी एका वेळी एकच काम घेतो, आणि ज्या दिवशी देतो म्हणतो त्या दिवशी देतो. हळूहळू नवी गिऱ्हाइकं जोडली गेली, जगतापांएवढं मोठं कुणी नाही, पण पुष्कळ. करंजनाळची मोटर नऊ वर्षं चालली. नंतर ती दुरुस्तीला आली तीही आमच्याकडेच.

मावशी त्यानंतर सहा वर्षं आमच्याकडे होती. त्या सहा वर्षांत दुकानातून गेलेल्या मोटरींपैकी दोन जळून परत आल्या; तारेवर बारीक ओरखडा असेल तर तो टाकीत वीस मिनिटांत कळत नाही. दोन्ही वेळा गिऱ्हाइकानं विचारलं, कुणी भरली, आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, मी. पहिल्या वेळी कापून बघितली तर खरंच माझी चूक होती. दुसरी मोटर तिच्या शेवटच्या वर्षातली. मावशी नातीच्या लग्नाला गेलेली असताना मी ती उघडली, ओरखडा पडलेली तिच्या हातची कॉईल कापून काढली आणि ती परत येण्याआधी मोटर पुन्हा भरून, पाण्यात चालवून, देऊन टाकली.